वाचकांचे प्रश्न : हिऱ्याचा ‘प्रकार’ म्हणजे नेमके काय?

दागिन्यांच्या खरेदीविषयी आलेल्या पत्रांत या वेळी हिऱ्यांची पत्रे इतकी होती की, संपूर्ण सदर त्यांनाच द्यावे लागले. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून प्रश्न थोडक्यात दिले आहेत आणि पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : अंगठी पाहायला गेलो असता नैसर्गिक, लॅबग्रोन, मॉइसनाइट, अमेरिकन डायमंड, सॉलिटेअर, व्हीव्हीएस, प्रिन्सेस असे अनेक शब्द कानांवर पडले. हे सगळे हिऱ्याचेच प्रकार आहेत का? त्यांतला उत्तम कोणता?

उत्तर : हे सगळे हिऱ्याचे प्रकार नाहीत, आणि गोंधळाचे मूळ तेथेच आहे. मॉइसनाइट आणि अमेरिकन डायमंड हे शब्द खडा कोणत्या पदार्थाचा आहे ते सांगतात, आणि तो पदार्थ हिरा नव्हे. नैसर्गिक आणि लॅबग्रोन हे शब्द, खडा हिराच आहे हे धरून, तो कोठे तयार झाला ते सांगतात. व्हीव्हीएस हा क्लॅरिटीचा, म्हणजे खड्याच्या निर्मळपणाचा दर्जा आहे. प्रिन्सेस ही चौकोनी खड्याला पैलू पाडण्याची एक पद्धत आहे. सॉलिटेअर म्हणजे तर एकच खडा बसवलेला दागिना, त्या शब्दावरून खड्याविषयी काहीही कळत नाही. त्यामुळे ‘व्हीव्हीएस प्रिन्सेस सॉलिटेअर’ हे ऐकायला भारदस्त वाटणारे वर्णन खाणीतल्या हिऱ्याला जसे लागू पडते, तसेच प्रयोगशाळेतल्या हिऱ्यालाही लागू पडते, आणि विक्रेता सैल जिभेचा असेल तर कृत्रिम खड्यालाही ते चिकटवले जाते.

तेव्हा ‘उत्तम कोणता’ हा प्रश्न थोडा मागे ठेवून आधी तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत. खडा कशाचा आहे? हिरा असेल तर तो जमिनीतला आहे की प्रयोगशाळेतला? आणि पैलू पाडण्याखेरीज त्यावर आणखी काही प्रक्रिया केलेली आहे का? या तिन्हींची उत्तरे पावतीवर शब्दांत लिहून मिळाली की मगच वजन, रंग आणि क्लॅरिटी यांची चर्चा करण्यात अर्थ आहे. नुसते ‘डायमंड’ एवढेच लिहिलेली पावती पुढे कोणत्याही तक्रारीत तुमच्या बाजूने बोलत नाही.

प्रश्न : लॅबग्रोन हिरा खरा असतो की खोटा? मुलीसाठी घ्यायचा आहे, आणि घरात यावर दोन तट पडले आहेत.

उत्तर : दोन्ही तट आपापल्या परीने बरोबर असण्याची शक्यता आहे, कारण ‘खरा’ या शब्दाने दोघांना वेगवेगळ्या गोष्टी म्हणायच्या असतात.

पदार्थ म्हणून पाहिले तर लॅबग्रोन हिरा हा हिराच आहे. हिरा म्हणजे विशिष्ट स्फटिकरचनेतला कार्बन. ती रचना दोन्हींत एकच असते, म्हणून कठीणपणा, प्रकाश वळवण्याची ताकद आणि घनता हे गुणधर्मही एकसारखे असतात. नैसर्गिक हिरे बहुतांशी पृथ्वीच्या पृष्ठभागाखाली दीडशे-दोनशे किलोमीटर खोलीवर तयार झाले आणि त्यांतील बहुतेकांचे वय १०० कोटी वर्षांहून अधिक आहे. प्रयोगशाळेत तेच काम काही आठवड्यांत दोन पद्धतींनी होते. एचपीएचटी पद्धतीत प्रचंड दाब आणि उष्णता यांखाली, वितळलेल्या धातूतून कार्बन हिऱ्याच्या लहानशा बीजावर जमवला जातो. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने या मार्गाने हिरा बनवल्याचे १९५५मध्ये जाहीर केले, मात्र ते उद्योगात वापरण्याजोगे बारीक कण होते आणि दागिन्यात बसवण्याजोगा खडा तयार व्हायला १९७०च्या आसपासचा काळ उजाडला. दुसऱ्या, सीव्हीडी पद्धतीत निर्वात कक्षात मिथेन आणि हायड्रोजन हे वायू तापवून त्यांतला कार्बन बीजाच्या चकतीवर थरावर थर बसवला जातो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकहित जपणाऱ्या तेथील सरकारी संस्थेने, २०१८मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांतील हिऱ्याच्या व्याख्येतून ‘नैसर्गिक’ हा शब्द वगळला, तो याच कारणाने. मात्र प्रयोगशाळेतला हिरा तसे स्पष्ट सांगूनच विकला पाहिजे ही अट कायम ठेवली.

दुसरा तट बहुधा दुर्मिळतेविषयी बोलत असतो, आणि तो मुद्दाही हलका नाही. खाणीतल्या हिऱ्याच्या किमतीत तो सापडणे अवघड असण्याचा मोठा वाटा असतो. लॅबग्रोनचे उत्पादन मागणीप्रमाणे वाढवता येते, म्हणून गेल्या दहा वर्षांत त्याच्या किमती सातत्याने आणि वेगाने उतरल्या आहेत; आज घेतलेला खडा उद्या परत विकताना हाती फार थोडे येईल असे धरूनच तो घ्यावा. नैसर्गिक हिरासुद्धा विकायला गेल्यावर खरेदीची रक्कम क्वचितच परत मिळते, एवढे मात्र त्या तटालाही सांगावे. माझे स्वतःचे मत विचाराल तर रोज हातात घालण्याच्या अंगठीसाठी, त्याच रकमेत मोठा आणि नितळ खडा हवा असेल तर, लॅबग्रोन घेण्यात कमीपणा काहीच नाही. कमीपणा आहे तो एकाचे नाव सांगून दुसरे विकण्यात.

नुसत्या डोळ्यांनी, साध्या भिंगाने किंवा हिरा तपासण्याच्या दुकानातल्या पेनासारख्या यंत्राने हे दोन ओळखता येत नाहीत. त्यासाठी खड्याच्या वाढीच्या खुणा आणि त्यातले नायट्रोजनचे प्रमाण तपासणारी साधने लागतात व ती प्रयोगशाळेकडे असतात. त्यामुळे ‘मी तीस वर्षे या धंद्यात आहे, पाहताक्षणी सांगतो’ असे कोणी म्हणाल्यास त्याच्या अनुभवाचा आदर करून प्रमाणपत्र मात्र मागावेच.

प्रश्न : मॉइसनाइट आणि अमेरिकन डायमंड घरच्या घरी कसे ओळखावेत? श्वासाची वाफ, पाणी, काचेवर ओरखडा, अशा चाचण्यांविषयी ऐकले आहे. खरा हिरा हातोडीनेही फुटत नाही म्हणतात.

उत्तर : हातोडी कृपया बाजूला ठेवा. खरा हिरा ऐरणीवर घणाचे घाव सोसतो ही कल्पना आपल्या भाषेत खोल रुजलेली आहे, पण कठीणपणा आणि चिवटपणा हे दोन वेगळे गुण आहेत. कठीणपणा मोजणाऱ्या मोस यांच्या मोजपट्टीवर हिरा सर्वांत वर, म्हणजे १०वर आहे, याचा अर्थ त्यावर दुसऱ्या पदार्थाने सहसा ओरखडा उठत नाही. पण त्याच्या स्फटिकात चार दिशा अशा असतात की, त्यांवर नेमका आघात झाला तर तो सरळ दुभंगतो. हिरे फोडणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या याच गुणाचा उपयोग करत आले. घणाच्या परीक्षेत खोटा खडा तर फुटेलच, पण खराही फुटेल.

बाकीच्या चाचण्यांचेही फारसे खरे नाही. पाण्यात तिन्ही खडे बुडतात. काचेवर ओरखडा तिन्ही काढतात, कारण काच तिन्हींपेक्षा मऊ आहे. हिरा उष्णता झटकन वाहून नेतो म्हणून त्यावरची वाफ लवकर विरते हे खरे आहे, परंतु मॉइसनाइटही उष्णतेचा चांगला वाहक आहे, त्यामुळे तो या चाचणीत आणि केवळ उष्णता मोजणाऱ्या पेन-यंत्रातही हिरा म्हणून पार होतो. विजेची वाहकता तपासणारे वेगळे यंत्र लागते, ते दुकानात आहे का, हे विचारावे.

त्याऐवजी दहा पट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि खडा थोडा तिरका धरून, वरच्या मोठ्या सपाट पैलूच्या बाजूच्या एखाद्या पैलूतून आत, मागच्या बाजूच्या पैलूंच्या कडांकडे पाहा. हिऱ्यात प्रत्येक कड ही एकच, रेखीव रेघ दिसते. मॉइसनाइटमध्ये त्याच रेघेच्या शेजारी तिची जुळी रेघ दिसते, जणू कंपोझिटराने एकच अक्षर किंचित सरकवून दोनदा छापले आहे. कारण या पदार्थात शिरलेला प्रकाशकिरण दुभंगून दोन वाटांनी जातो. पहिल्यांदा पाहताना ही जुळी रेघ सापडायला पाचएक मिनिटे लागतात, खडा हळूहळू फिरवत राहावे लागते, पण एकदा दिसली की नंतर ती चुकत नाही. दुसरी खूण रंगांची आहे. मॉइसनाइट पांढऱ्या प्रकाशाचे रंग हिऱ्याच्या दुपटीहून अधिक फाकवतो, म्हणून दिव्याखाली त्यातून उठणाऱ्या इंद्रधनुषी ठिणग्या डोळ्यांत भरतात. ज्यांना तो झगमगाट आवडतो त्यांनी तो मॉइसनाइट म्हणून खुशाल घ्यावा, ९.२५ कठीणपणाचा हा खडा वर्षानुवर्षे टिकतो. हेन्री म्वासाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला हे खनिज १८९३मध्ये एका उल्कापाषाणाच्या नमुन्यात आढळले होते. दागिन्यातले मॉइसनाइट मात्र कारखान्यातच तयार होतात.

अमेरिकन डायमंड या नावात अमेरिकाही नाही आणि डायमंडही नाही. तो क्युबिक झिर्कोनिया, म्हणजे झिर्कोनियम या धातूचे स्फटिकरूप ऑक्साइड. झिरकॉन नावाचे नैसर्गिक रत्न निराळे, त्याच्याशी याची गल्लत करू नये. हा खडा हिऱ्याहून पुष्कळ जड असतो: एक कॅरटच्या हिऱ्याएवढ्याच मापाचा झिर्कोनिया सुमारे १.६ ते १.७ कॅरट भरतो. सुटा खडा असेल तर तराजू एका क्षणात निकाल देतो. कोंदणात बसवलेला असेल तर काही वर्षांच्या वापराने गुळगुळीत झालेल्या त्याच्या पैलूंच्या कडा भिंगाखाली पाहाव्यात.

प्रश्न : रक्कम ठरलेली आहे. कॅरट, कलर, क्लॅरिटी आणि कट यांपैकी कशात तडजोड करावी?

उत्तर : कट सोडून इतर तिन्हींत.

कॅरट हे वजन आहे, आकार नव्हे. १ कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, आणि त्याचे १०० भाग म्हणजे सेंट. सोन्याच्या शुद्धतेच्या कॅरटशी याचा काही संबंध नाही. चांगल्या प्रमाणात पैलू पाडलेला १ कॅरटचा गोल हिरा साधारण ६.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. कारागिराने वजन वाचवण्यासाठी खड्याचे पोट, म्हणजे खालचा निमुळता भाग, खोल ठेवले तर तोच १ कॅरट वरून सहा मिलिमीटरच्या थोडा पुढे एवढाच दिसतो, म्हणजे उत्तम पैलूंच्या ९० सेंटच्या खड्याएवढा. अर्धा कॅरट, एक कॅरट असे पूर्ण आकडे गाठले की भाव एकदम वर उडी घेतो. म्हणून ९२ किंवा ९५ सेंटचा खडा मिळाल्यास तो अवश्य पाहावा. बोटावर हा फरक कोणाला दिसत नाही, आणि किती मिलिमीटर, हा प्रश्न किती कॅरट याच्या बरोबरीने विचारायची सवय ठेवावी.

रंगासाठी जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका, म्हणजे जीआयए या संस्थेची डी ते झेड ही पट्टी जगभर चालते. डी म्हणजे पूर्ण रंगहीन आणि पुढे सरकावे तशी पिवळसर किंवा तपकिरी झाक वाढत जाते. शेजारशेजारच्या अक्षरांतला फरक तज्ज्ञसुद्धा खडा उलटा ठेवून, नमुन्याच्या खड्यांशी ताडून ठरवतात. दागिन्यात सरळ बसलेल्या खड्यात तो सामान्य डोळ्याला दिसणे कठीण. पिवळ्या सोन्याच्या कोंदणात तर हलकी झाक सोन्याच्याच रंगात मिसळून जाते, तेथे डी किंवा ई रंगासाठी जादा पैसे मोजणे मला व्यर्थ वाटते.

क्लॅरिटीचे एफएल (पूर्ण निर्दोष) ते आय-३ (सर्वांत डागाळलेला) असे ११ दर्जे आहेत आणि ते दहा पट भिंगाखाली ठरतात. जेवणाच्या टेबलावर समोर बसलेला माणूस भिंग घेऊन बसत नाही. नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसणारा, मधल्या दर्जांतला व्हीएस-२ किंवा नीट निवडलेला एसआय-१ खडा बहुतेकांना पुरेसा असतो. पाहायचे ते एवढेच की, डाग खड्याच्या मधोमध, वरच्या सपाट पैलूखाली काळा दिसत नाही ना, आणि कडेला येणारी एखादी चीर पृष्ठभागापर्यंत पोचलेली नाही ना. एमराल्ड कटसारख्या लांबट, पायऱ्यांच्या पैलूंच्या खड्यात आतले सगळे काचेच्या खिडकीतून पाहावे तसे दिसते, म्हणून तेथे क्लॅरिटीचा एक दर्जा वर चढणे योग्य.

कट मात्र खड्याचा प्राण आहे. गोल ब्रिलियंटमध्ये, म्हणजे नेहमीच्या गोल घाटाच्या हिऱ्यात, ५७ किंवा ५८ पैलू असतात, आणि त्यांचे कोन योग्य असतील तरच वरून शिरलेला प्रकाश आतल्या आत दोनदा आपटून पुन्हा वर, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत येतो. हिरे घडवणाऱ्या घराण्यातले अभियंते मार्सेल तोलकोव्स्की यांनी १९१९मध्ये या कोनांचे गणित मांडले, आणि थोड्याफार फरकाने तेच आजही आधाराला आहे. पोट फार खोल झाले की मध्यभागी काळसर ठिपका दिसतो, फार उथळ झाले की खडा माशाच्या डोळ्यासारखा पांढुरका व निर्जीव होतो. डी रंगाचा निर्दोष हिरासुद्धा वाईट कोनांमुळे काचेचा तुकडा वाटू शकतो. जीआयए २००६पासून गोल ब्रिलियंट हिऱ्यांना कटचे एक्सलंट ते पूअर असे पाच दर्जे देत आली आहे. त्यांत पहिल्या दोहोंच्या खाली उतरू नये. आणि खडा दुकानातल्या प्रखर झोताच्या दिव्यांखाली पाहून ठरवू नका, तेथे सगळेच चमकते. दारापाशी, उजेडाच्या पण सावलीच्या जागी न्या, हाताने निम्मा प्रकाश अडवा, आणि तरीही तो जिवंत राहतो का ते पाहा.

प्रश्न : एका हिऱ्याच्या कागदपत्रांत ‘टाइप टू-ए’ असे लिहिले आहे आणि त्यासाठी जादा रक्कम मागितली जात आहे. हा वरचा दर्जा आहे का?

उत्तर : हा दर्जा नसून शास्त्रज्ञांनी केलेले वर्गीकरण आहे, आणि ते नायट्रोजनवर आधारलेले आहे. ज्यांत नायट्रोजन मोजण्याइतका सापडतो ते टाइप वन. नैसर्गिक हिऱ्यांतील बहुसंख्य हिरे यात येतात आणि त्यांची नेहमीची पिवळसर झाक याच नायट्रोजनमुळे असते. ज्यांत तो जवळजवळ नाही ते टाइप टू-ए, आणि ज्यांत बोरॉन आहे ते टाइप टू-बी. निळा होप हिरा या शेवटच्या गटातला. १९०५मध्ये दक्षिण आफ्रिकेत सापडलेला ३,१०६ कॅरटचा कलिनन टू-ए होता, कोहिनूरही टू-ए आहे, आणि विक्रेते जी प्रतिष्ठा सांगतात ती या मोठ्या नावांमुळे आलेली आहे.

प्रत्यक्षात टू-ए खडा तपकिरीही असू शकतो. शिवाय नैसर्गिक हिऱ्यांत हा प्रकार दुर्मिळ असला, तरी सीव्हीडी पद्धतीचे बहुतेक लॅबग्रोन हिरे टू-एच असतात, कारण त्यांत नायट्रोजन येऊच दिला जात नाही. तपासणी यंत्रे म्हणूनच टू-ए खडा दिसला की त्याला बाजूला काढून अधिक चौकशीसाठी पाठवतात. आणि तपकिरी टू-ए हिऱ्याला उच्च दाब व उष्णता देऊन रंगहीन करण्याची प्रक्रियाही प्रचलित आहे. तेव्हा ज्या शब्दासाठी तुमच्याकडे जादा पैसे मागितले जात आहेत, तो शब्द रत्नपारख्याला सावध करणारा आहे. खडा नैसर्गिक असल्याचे आणि त्याचा रंग मूळचा असल्याचे प्रमाणपत्रात असेल तरच पुढची बोलणी करावीत.

प्रश्न : ‘क्लॅरिटी एन्हान्स्ड’ हिरा बराच स्वस्त मिळतो आहे. घ्यावा का?

उत्तर : हिरा खराच असतो, पण त्यातल्या पृष्ठभागापर्यंत आलेल्या भेगांत काचेसारखा पदार्थ भरून त्या लपवलेल्या असतात. भिंगाखाली असा खडा हळूच डोलवला तर एखाद्या कोनात भेगेच्या जागी नारिंगी किंवा जांभळट झळक लखकन येऊन जाते व पुढच्याच क्षणी निळसर होते. दागिना दुरुस्तीला दिला आणि कारागिराने ज्योत जवळ नेली, तर हे भरण बिघडते आणि झाकलेली भेग उघडी पडते. जीआयए अशा खड्यांना दर्जा देत नाही. काळा डाग घालवण्यासाठी लेसरने पाडलेले केसासारखे छिद्र हा दुसरा उपाय. तो कायमचा असतो आणि प्रमाणपत्रात नोंदवला जातो. मी भेग भरलेला हिरा रोजच्या अंगठीसाठी घेणार नाही.

प्रश्न : प्रमाणपत्रात ‘स्ट्राँग ब्लू फ्लुरोसन्स’ लिहिले आहे. हा दोष आहे का?

उत्तर : बहुधा नाही. अतिनील किरणांत काही हिरे निळे उजळतात, एवढाच त्याचा अर्थ. पिवळसर खडा यामुळे उन्हात थोडा पांढराही दिसतो. क्वचित एखादा धुकट वाटतो. खडा उन्हात नेऊन पाहा, नितळ असेल तर या नोंदीमुळे मिळणारी सवलत आनंदाने घ्या.

प्रश्न : प्रमाणपत्र असले की निश्चिंत राहावे का?

उत्तर : प्रमाणपत्र कोणाचे आहे, आणि ते याच खड्याचे आहे का, एवढे पाहिल्यावर. विक्रेत्याने स्वतः छापलेले कार्ड आणि स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल यांत फरक आहे. अहवालाचा क्रमांक त्या प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर टाकून वजन व मापे जुळतात का ते पाहावे. अनेक खड्यांच्या कडेवर, जिला गर्डल म्हणतात, हाच क्रमांक लेसरने कोरलेला असतो. भिंगाखाली तो दाखवायला सांगावे आणि अंक एक-एक करून कागदाशी ताडावेत. अहवालात किंमत लिहिलेली नसते, आणि जेथे लिहिलेली असते तो कागद मूल्यांकनाचा असतो, दर्जाचा नव्हे. लॅबग्रोनबाबत आणखी एक बदल ध्यानात ठेवावा: जीआयएने ऑक्टोबर २०२५पासून त्यांना रंग-क्लॅरिटीची नेहमीची अक्षरे देणे थांबवून ‘प्रीमियम’ आणि ‘स्टँडर्ड’ असे दोनच वर्ग ठेवले आहेत, त्यामुळे जुन्या आणि नव्या अहवालांची भाषा सारखी नसेल.

बारीक खड्यांच्या दागिन्यात प्रत्येक खड्याचा अहवाल मिळत नाही. तेथे ‘एकूण १ कॅरट’ याचा अर्थ पन्नास बारीक खडे मिळून १ कॅरट असा असू शकतो, आणि एक कॅरटच्या एका खड्याशी त्याच्या किमतीची तुलना होत नाही. बारीक नैसर्गिक खड्यांत लॅबग्रोन मिसळले गेल्याची उदाहरणे या व्यवसायात वारंवार आढळली आहेत. म्हणून सगळे खडे तपासलेले आहेत असे पावतीवर लिहून घ्यावे.

प्रश्न : वर्षभरापूर्वी घेतलेल्या अंगठीतला हिरा निस्तेज झाला. फसवणूक झाली असेल का?

उत्तर : प्रमाणपत्राचा क्रमांक जुळत असेल तर तसे वाटत नाही. हिऱ्याला पाणी चिकटत नाही, पण तेल-तूप आणि त्वचेवरचा स्निग्धपणा तो ओढून घेतो. खाणींवर कुटलेल्या खडकातून हिरे वेगळे काढण्यासाठी ग्रीस लावलेल्या पट्ट्या वापरत, त्या याच गुणामुळे. अंगठीच्या खड्याच्या पोटाखाली हे सगळे साचते आणि प्रकाश परत फिरण्याऐवजी मागून निसटतो. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे काही थेंब टाकून अंगठी अर्धा तास भिजत ठेवा, मऊ ब्रशने खड्याची मागची बाजू घासा आणि धुताना बेसिनचे छिद्र बंद ठेवा. कोरडी झाली की इतर हिऱ्यांच्या दागिन्यांपासून वेगळ्या पुडीत ठेवा, कारण हिऱ्यावर ओरखडा काढण्याची ताकद शेजारच्या हिऱ्यात असते.